महाड मोठं की पोलादपूर बरं?

माझं माहेर पोलादपूर आणि सासर महाड. मधलं अंतर वीसेक किलोमीटर, एसटीनं फार तर पाऊण तास. पण एवढ्याशा अंतरावर आमच्या दोन्ही घरांनी चाळीस वर्षं जे भांडण जोपासलं आहे, ते ऐकून एखाद्याला वाटावं की मध्ये समुद्र आहे.

सुरुवात माझ्या लग्नाच्या बैठकीतच झाली. मामा म्हणाले, "मुलगी महाडात देतोय खरी, पण पावसाळ्यात भांडी माळ्यावर चढवायची सवय करायला लागेल तिला." त्यावर माझे थोरले दीर शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे चढवायला माळा तरी आहे. तुमचं पोलादपूर म्हणजे काय, एसटी थांबते, लोक चहा पितात आणि घाटाला लागतात." हसण्यावारी गेलं. पण पुढे दर गणपतीला, दर शिमग्याला या वादात नवी भर पडत गेली. एमआयडीसी आल्यावर माहेरचे म्हणू लागले, "तुमच्याकडे कुठून कुठून माणसं आली आहेत, रात्री-बेरात्री फिरायची सोय नाही." सासरचे म्हणू लागले, "आणि तुमच्या घाटात काय काय सापडतं ते पेपरात वाचतो आम्ही." महाड बेबंद वाढलं, असं पोलादपूरचं म्हणणं. पोलादपूर वाढायलाच तयार नाही, असं महाडचं.

गेल्या वर्षी हा वाद थट्टेचा राहिला नाही. पंधरा वर्षं डोंबिवलीत काढलेल्या माझ्या मुलानं परत यायचं ठरवलं. घर कुठं घ्यायचं? महाडात, पोलादपुरात, की मधल्या पट्ट्यात महामार्गाच्या कडेला, जिथं नव्या इमारतींचे फलक लागले आहेत? दादा आणि भावोजी असे काही भिडले की जेवणाची ताटं तशीच राहिली. मी म्हटलं, "मला सहा महिने द्या. तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला, आता आपल्या दोन गावांचा भूगोल मीच एकदा नीट वाचते." त्या वाचनातून जे हाती लागलं, ते इथं मांडते आहे.

खाडीचं गाव, घाटाचं गाव

दोन्ही गावं सावित्रीची, पण नदीचं नातं दोघांशी वेगळं आहे. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर वर येणारी गलबतं दासगाव, महाडपर्यंत येत. त्यापुढे नदी उथळ होते. माल इथं उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि वरंध, शेवत्या, मढे अशा घाटवाटांनी देशावर जायचा. देशावरचा माल त्याच वाटांनी खाली यायचा. जिथं माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जातो तिथं वखार लागते, वखारीपाठोपाठ दलाल, सावकार, हमाल आणि कारकून येतात. महाडची पेठ अशी उभी राहिली. १७९६ साली दुसऱ्या बाजीरावाला पेशवाई देण्याचा जो तह नाना फडणवीसांनी जुळवला, तो महाडचा तह म्हणून ओळखला जातो. १८०२ मध्ये होळकरांकडून हार खाऊन पुणं सोडलेला तोच बाजीराव वाटेत महाडलाच थांबला. १८६६ साली इथं नगरपालिका आली. म्हणजे शहर म्हणून कारभार पाहण्याची दीडशे वर्षांहून जास्त सवय महाडला आहे.

पोलादपूर हे दिशा बदलण्याचं ठिकाण. उत्तरेला महाडवरून मुंबई, दक्षिणेला कशेडी घाटातून खेड आणि गोवा, पूर्वेला आंबेनळी घाटातून प्रतापगड, महाबळेश्वर आणि सातारा. इंग्रजी अमदानीत मुंबईची साहेब मंडळी बोटीनं बाणकोट, दासगावला यायची आणि पोलादपूर ओलांडून महाबळेश्वर चढायची. इथं उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, खुद्द पोलादपुरात कवींद्र परमानंदांची आहे. पण पेठ वाढावी एवढी सपाटी निसर्गानं इथं दिली नाही. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधून रस्ता. नगरपंचायत झाली तीही गेल्या दहा-बारा वर्षांत, तोवर ग्रामपंचायतच होती.

आणखी एक गोष्ट, जी वादात कुणी बोलून दाखवत नाही. जुन्या कागदांत पोलादपूर हा महाल आहे, म्हणजे तालुक्याच्या खालचा दर्जा. महत्त्वाच्या कामाला महाड गाठायचं, ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. पुढे तालुका झाला, तरी विधानसभेचा मतदारसंघ आजही महाडच्याच नावाचा आहे. माझे आजोबा महाडला निघताना टोपी बदलायचे. आपली फाईल ज्या गावात पडून असते, त्या गावाबद्दल माणसाच्या मनात प्रेम कमी आणि मापं काढण्याची हौस जास्त असते. आमच्या वादाचं मूळ मला तिथं दिसतं.

शेजाऱ्यांची मोजामोजी

ही हौस काही आमचीच नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठावर मिनियापोलिस आणि सेंट पॉल अशी दोन शहरं अगदी लागून आहेत. १८९० च्या जनगणनेत आपण मोठे ठरावं म्हणून दोघांनीही आकडे फुगवले. बोभाटा झाला, गणना करणाऱ्यांना अटक झाली आणि फेरमोजणी करावी लागली. तेव्हा मिनियापोलिसचे अठरा हजार आणि सेंट पॉलचे नऊ हजारांवर रहिवासी कागदावरून नाहीसे झाले. सेंट पॉलनं तर रेल्वे स्थानकाच्या इमारतीत २७५ माणसं राहत असल्याचं दाखवलं होतं. हे वाचून मला आमच्या भावोजींची आठवण झाली. ते महाडची लोकसंख्या सांगताना एमआयडीसीतले कामगार, रायगडावर जाणारे पर्यटक आणि बाजाराला आलेले खेडूत सगळे जमेस धरतात. गुन्ह्यांचा विषय निघाला की मात्र हेच लोक "बाहेरचे" होतात.

गुन्ह्याचा आकडा कुणाचा?

दादाचं सगळ्यात आवडतं अस्त्र म्हणजे गुन्ह्यांचा आकडा. "महाडात आमच्या कितीतरी पट गुन्हे." हे वाक्य तपासायचं तर आधी महाड म्हणजे काय ते ठरवावं लागतं. महाड तालुक्यात पोलीस ठाणी तीन आहेत: महाड शहर, महाड तालुका आणि महाड एमआयडीसी. पोलादपूरला ठाणं एकच. दादा तिन्ही ठाण्यांची बेरीज करून एकाशी तुलना करतो. २०११ च्या जनगणनेत महाड तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार होती, पोलादपूर तालुक्याची सुमारे ४५ हजार. आकडा चौपट असला तर तो बरोबरीचाच झाला.

मग दर लाख लोकसंख्येमागे किती, असं मोजावं. मोठ्या प्रदेशासाठी ही पद्धत ठीक आहे, लहान तालुक्यात ती फसवते. २०२२ च्या राष्ट्रीय अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात खुनाचा दर लाखामागे १.८ च्या आसपास होता. आता ४५ हजारांच्या तालुक्यात वर्षभरात एकच खून झाला, तर दर निघतो २.२, म्हणजे राज्याहून जास्त. त्या वर्षी तो झालाच नाही, तर दर शून्य. बांधावरच्या एका भांडणात कुऱ्हाड उगारली गेली की नाही, यावर अख्खा तालुका राज्यापेक्षा वाईट किंवा देशात सर्वांत सज्जन ठरतो. एका वर्षाच्या आकड्यावरून लहान गावाचा स्वभाव ठरवता येत नाही. दहा वर्षांची बेरीज घ्यावी, तेव्हा कुठं थोडं बोलता येतं.

तिसरी गोष्ट, आकड्यात काय काय येतं. गुन्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चोर आणि सुरा येतो. पण निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव घेतला, तर तोही गुन्हाच नोंदला जातो. पूर्वी भारतीय दंडविधानाच्या ३०४-अ कलमाखाली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली. कशेडी आणि आंबेनळी हे दोन घाट डोक्यावर असलेल्या ठाण्याच्या वहीत असे गुन्हे दिसणारच. गाडी चालवणारा राजापूरचा, मेलेला साताऱ्याचा आणि नोंद पोलादपूरची. दारूबंदी आणि जुगाराचे गुन्हे तर बहुधा पोलिसांनी धाड घातली म्हणूनच नोंदले जातात. एखाद्या वर्षी ते वाढले, तर दारू वाढली असं म्हणावं की पोलीस कामाला लागले असं म्हणावं, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

चौथी गोष्ट हद्दीची. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्यात काही ठाणी पुणे शहराकडून गेली, काही पुणे ग्रामीणकडून. पुणे शहराच्या वहीतले त्या भागांतले गुन्हे एका दिवसात उतरले. त्यासाठी एकाही चोराला धंदा सोडावा लागला नाही, नकाशावरची रेघ फक्त सरकली. आपल्याच जिल्ह्यात याची दुसरी बाजू दिसली. २०१२ च्या मे महिन्यात पेण तालुक्यात गागोद्याच्या परिसरात एका तरुणीचे अवशेष सापडले. तिचा खून मुंबईत झाला आणि मृतदेह इथं आणून टाकला, असा आरोप ठेवून मुंबई पोलिसांनी २०१५ मध्ये तपास सुरू केला. मधली तीन वर्षं तो मृत्यू खून म्हणून कोणत्याच गावाच्या आकड्यात नव्हता. घाटात किंवा रानात जे सापडतं, ते त्या घाटाखालच्या गावाचं नसतं.

एवढं सगळं वजा केल्यावर वादात उरते ती भीती, आणि ती खरी आहे. माझी आत्या म्हणते, "पूर्वी महाडच्या बाजारात दहा माणसं हाका मारायची, आता चेहरेच ओळखीचे राहिले नाहीत." एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत परप्रांतातली मुलं कामाला आहेत, एकेका खोलीत सात-आठ जण राहतात, सुटीच्या दिवशी घोळक्यानं फिरतात. त्यांना पाहून बायका रस्ता बदलतात. मला मात्र ती खोली पाहिली की माझ्या काकांची परळची खोली आठवते. गिरणीत कामाला गेलेली आमच्याकडची माणसं गावकीच्या खोलीत अशीच दाटीनं राहायची, पाळीपाळीनं झोपायची. मुंबईतल्या कुणीतरी त्यांना पाहूनही रस्ता बदलला असेल. १९८२ च्या संपानंतर काका परत आले, तेव्हा मी त्यांना विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

वाढलेलं कोण?

आता पसाऱ्याचं. महाड शहराची लोकसंख्या २०११ मध्ये २७ हजारांच्या घरात होती. "बेबंद वाढलेलं शहर" म्हणावं असा हा आकडा नाही. पण शहराबाहेर बिरवाडीच्या बाजूला एमआयडीसी आहे, तिच्याभोवती गावं फुगली आहेत आणि महामार्गाच्या दोन्ही कडांना दुकानं, गोदामं, इमारती उठल्या आहेत. ही वाढ शहराच्या आकड्यात येत नाही.

उलट पोलादपूर तालुक्यात २००१ ते २०११ या दहा वर्षांत माणसं कमी झाली. माणसं कमी झाली, पण घरं वाढली. आमच्या वाडीत गेल्या वीस वर्षांत जी स्लॅबची घरं झाली, त्यांतली निम्मी बंद असतात. मुंबईचा पैसा, गावची जागा. गणपतीत आणि शिमग्याला दिवे लागतात, बाकी वर्षभर एखादी म्हातारी किंवा कुलूप. तेव्हा पसारा म्हणजे लोकसंख्यावाढ, हे समीकरण आमच्या दोन्ही गावांना लागू पडत नाही. महाडला राहणारे शहराबाहेर मोजले जातात आणि पोलादपूरला बांधणारे मुंबईत.

मग बांधकामाला परवानगी कोण देतं, हा प्रश्न महत्त्वाचा होतो. महाडच्या हद्दीत नगरपरिषद, पोलादपूरच्या हद्दीत नगरपंचायत, एमआयडीसीच्या हद्दीत महामंडळ स्वतः, आणि मधल्या गावांत महसूल खातं नि गावचा कारभार. गावठाणाच्या सीमेपासून २०० मीटरच्या आत जमीन बिनशेती करणं आता पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. यात बेकायदा काही नाही. पण वीस किलोमीटरच्या एका सलग पट्ट्याचा विचार एकत्र बसून करायचं काम रोजच्या कारभारात कुणाकडेच येत नाही. प्रत्येक जण आपापल्या रेघेपर्यंत पाहतो.

आणि नुसती परवानगी असून भागत नाही, हे महाडनं पाहिलं आहे. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी काजळपुऱ्यातली तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. १६ माणसं गेली. एक चार वर्षांचा मुलगा बऱ्याच तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. त्या रात्री दादाचा फोन आला होता. तो नेहमीच्या सुरात काही बोलला नाही. "आमच्या इथली पोरं निघाली आहेत, काय लागेल ते सांग," एवढंच म्हणाला.

शहरपण कशानं येतं?

भावोजींचा शेवटचा हुकमी पत्ता म्हणजे चवदार तळं. "जगात कुठंही जा, महाड माहीत असतं." खरं आहे. पण ही ओळख महाडला कशी मिळाली, ते नीट सांगायला हवं.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं आपलं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर कुणी अस्पृश्य माणूस जाऊ शकला नाही. शहराच्या दफ्तरात समता होती, घाटावर नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेला आलेली हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. ती बहुतेक बाहेरगावची होती, कोकणातल्या खेड्यापाड्यांतून आणि इतर जिल्ह्यांतून आलेली. त्यानंतर गावातल्या सवर्णांच्या जमावानं परतणाऱ्या लोकांना मारहाण केली आणि तळ्याचं "शुद्धीकरण" केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात प्रकरण न्यायालयात गेलं, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

नगरपालिका साठ वर्षांची जुनी, पेठ त्याहून जुनी, तरीही त्या दिवशी शहराचं शहरपण बाहेरून आलेल्या माणसांनी सिद्ध केलं आणि गावातल्या पुष्कळांनी ते नाकारलं. ज्यांना साथ द्यावीशी वाटली असे सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखे लोकही याच गावात होते, हेही सांगितलं पाहिजे. दर २० मार्चला महाडात जी गर्दी होते, तिच्यात मी अनेकदा उभी राहिले आहे. तेव्हा "बाहेरच्यांनी गाव बिघडवलं" हे वाक्य या गावात तरी कुणी उच्चारू नये, असं मला वाटतं. भावोजींना मी हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझे आजोबा त्या दिवशी कुठं होते, ते आमच्या घरात कधीच कुणी सांगितलं नाही."

वरचं पाणी, खालचं पाणी

मुलाच्या घराचा निर्णय शेवटी ज्यावर झाला, तो मुद्दा आमच्या वादात कधी आलाच नव्हता. तो म्हणजे पाणी.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून निघते, आधी पोलादपूरवरून जाते आणि मग महाडला येते. महाडात तिला गांधारी मिळते. वरून पूर आणि खालून खाडीची भरती एकाच वेळी आली, तर पाण्याला जायला वाट राहत नाही, ते पेठेत शिरतं. नदीत साचलेला गाळ आणि पात्रातली बेटं त्यात भर घालतात. २२ जुलै २०२१ ला हेच झालं. महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या, तिथंही माणसं गेली. डोंगरानं तालुका पाहिला नाही.

त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक खासगी गाडी नदीत गेली, चाळीसच्या आसपास बळी गेले. पुढचे कितीतरी दिवस खाडीच्या मुखापर्यंत शोध चालला. दोन्ही गावांची माणसं काठावर उभी होती. पूल कुणाचा, हा प्रश्न तेव्हा आमच्या घरात कुणी विचारला नाही. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला.

तेव्हा घर घेणाऱ्यानं काय विचारावं? गावात गुन्हे किती, हे विचारण्याआधी पूररेषा कुठं आहे ते विचारावं. जलसंपदा खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. या रेषा नगरपरिषदेची हद्द पाहून थांबत नाहीत. इमारतीच्या मागे डोंगर कापला आहे का, कापला असेल तर पाणी कुठून उतरतं, ओढा बुजवून भराव घातला आहे का, परवानगी नेमकी कुणाची आणि किती मजल्यांची, आणि २०२१ ला त्या जागेवर पाणी कुठवर आलं होतं, हे प्रश्न त्यानंतर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या भिंतीवर मिळतं. आमच्या भिंतीवर त्या पुराची रेघ अजून आहे. रंग दिला तरी दर पावसाळ्यात ओल तिथूनच फुटते.

त्या रेघेखाली आमचं सामान फारसं गेलं नाही, याचं कारण सांगून थांबते. २१ जुलैच्या रात्री दादाचा फोन आला होता. "नदी वाढते आहे, देवळाच्या पायऱ्या बुडाल्या. भावोजींना सांग, आत्ता उठा आणि सामान वर चढवा." भावोजी म्हणाले, "पोलादपूरवाले घाबरट." म्हणाले आणि उठले. आम्ही शेजारच्या चार घरांना हाका मारल्या. सकाळी पाणी आलं तेव्हा धान्य, कागदपत्रं आणि सासूबाई माळ्यावर होत्या. भांडीसुद्धा.

वरच्या गावानं खालच्या गावाला वेळेवर सांगायचं, ही व्यवस्था आमच्या घरात आहे कारण माझं माहेर वर आहे आणि सासर खाली. ज्यांचं तसं नाही त्यांचं काय? नदीवर पाणी मोजण्याची साधनं, इशारा, मधल्या पट्ट्याचा बांधकाम आराखडा आणि डोंगर-कापणीची तपासणी या चार गोष्टींसाठी दोन्ही गावांच्या कारभाऱ्यांनी पावसाळ्याआधी एकदा एका टेबलाशी बसावं, एवढं माझं सहा महिन्यांच्या अभ्यासानंतरचं मागणं आहे. पोलीस उपविभाग दोन्ही तालुक्यांचा एकच आहे, मतदारसंघ एकच आहे. नदी तर आहेच.

मुलानं अजून घर घेतलेलं नाही. मधल्या पट्ट्यातल्या एका इमारतीत त्यानं तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं जागा घेतली. "एक पावसाळा राहून बघतो, मग ठरवतो," म्हणाला. दादा म्हणतो ती जागा पोलादपूरला जवळची, भावोजी म्हणतात महाडला. दोघांनी आपापल्या मोटारसायकलचा काटा लावून अंतर मोजलं. दोघांचं उत्तर वेगळं आलं आहे.